सनई आणि प्रमाण विचलन

लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं माणूस कोण, असं विचाराल तर मी नवरा म्हणणार नाही आणि नवरीही म्हणणार नाही. नवरीचा मामा. नवरा-नवरी कॅसेटमध्ये येतातच, त्यांना चुकवून शूटिंग करायचं म्हटलं तरी जमायचं नाही. पण मामा राहिला की तुमचा धंदा त्या गावातून उठला म्हणून समजा.

वडगाव रासाईला माझ्याकडून एकदा एक मामा राहिले. मामा नवरीला घेऊन मांडवात यायला आणि माझी बॅटरी संपायला एकच गाठ पडली. पंधरा दिवसांनी कॅसेट घरी गेली, सगळी भावकी टीव्हीपुढं बसली, मामा मुद्दाम इस्त्रीचं धोतर नेसून आले. तीन तास बसले बिचारे. आपण कुठंच दिसत नाही म्हटल्यावर न जेवता उठले आणि गावाला निघून गेले. मग काय, मला बोलावणं. नवरी माहेरपणाला आलेलीच होती, तिला पुन्हा शालू नेसवला, मामांना फेटा बांधला आणि दोघांना दारातून चालत आणलं. त्या शॉटमध्ये मांडव नाही, मागं कडब्याची गंजी दिसते आणि नवरी हसू दाबतेय. पण मामा खूश झाले, आणि पुढं त्यांच्या दोन भाच्यांची लग्नं माझ्याकडंच आली.

शिरूरला मी पंचवीस वर्षं शूटिंगचा धंदा केला. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, हॅलोजन धरायला मेहुणा, आणि वऱ्हाडी मंडळींच्या पायात येणारी काळी केबल. या धंद्याचे नियम दोनच. पहिला, एकही तोंड राहता कामा नये. अक्षता पडत असताना सुद्धा नवरा-नवरीवर फार वेळ थांबायचं नाही, कॅमेरा पाहुण्यांवरून फिरवत राहायचा, कारण कॅसेट पाहुणेच बघतात आणि स्वतःला शोधतात. दुसरा नियम, आवाजाकडं लक्ष द्यायचं नाही. लग्नात आवाज असतो तो भटजींचा, बँडचा आणि वाढप्यांच्या आरडाओरड्याचा. तो कुणाला हवाय? तो पुसून टाकायचा आणि वर सनई आणि गाणी भरायची. त्याला आम्ही मिक्सिंग म्हणायचो. माझं मिक्सिंग दौंडचा शशी करायचा. मी कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायची, सोबत चिठ्ठी, चार दिवसांनी तयार होऊन परत.

हे दोन नियम नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत त्यांनीच केली.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. एका दुपारी कॉलेजच्या साळवे मॅडम दुकानात आल्या. त्या बी.कॉम.च्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायच्या. मला वाटलं, भावाचं लग्न निघालं असेल. मी वही उघडली आणि तारीख विचारली. त्या म्हणाल्या, लग्न नाही, व्याख्यान शूट करायचंय. मी तोवर अशी ऑर्डर कधी ऐकली नव्हती, तरी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, होईल की. धंद्यात नाही म्हणायचं नसतं.

मॅडमनी बसून सगळं समजावलं. विद्यापीठानं तालुक्यांच्या कॉलेजांकडून योजना मागवल्या होत्या. वर्गातली व्याख्यानं रेकॉर्ड करायची आणि जी माणसं नोकरीमुळं वर्गात येऊ शकत नाहीत, बाहेरून परीक्षेला बसतात, त्यांच्यापर्यंत ती पोचवायची. कशी करणार ते कागदावर लिहून द्यायचं, सोबत एका व्याख्यानाची नमुना कॅसेट. समिती येऊन बघणार. पसंत पडली तर टीव्ही, व्हीसीआर, कॅसेटी सगळं मिळणार. नाही पडली तर पुण्यात स्टुडिओत व्याख्यानं व्हायची आणि इकडं येतील तेव्हा येतील.

मी म्हणालो, मग पुण्यातच होऊ द्या की, तिथं सगळं चकाचक असतं. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी विमलताईंचं सांगितलं.

कुरकुंभला औषधाच्या एका कंपनीत विमलताई पॅकिंगला होत्या. साळवे मॅडम स्वतः लग्नाआधी त्याच कंपनीत, त्याच लाइनवर, विमलताईंच्या शेजारी उभ्या राहून बाटल्यांना झाकणं लावायच्या. दोघींनी मिळून बाहेरून बी.कॉम.चा फॉर्म भरला होता. मॅडम पास होत पुढं गेल्या, एम.कॉम. झाल्या, कॉलेजात शिकवायला लागल्या. विमलताईंचे सगळे विषय सुटले, एक संख्याशास्त्र सोडून. त्यात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. कंपनीच्या स्टोअरमध्ये खुर्चीवर बसायची एक जागा निघणार होती आणि साहेबांनी सांगितलं होतं, ग्रॅज्युएट असेल त्यालाच. परीक्षा मार्चमध्ये. मॅडम रविवारी शिरूरहून दोन एसट्या बदलून शिकवायला जायच्या, तर विमलताईंची सुट्टी रविवारी नसायची, शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. अशी तिथं आणखी दहा-बारा माणसं होती. मॅडम म्हणाल्या, "ती नापास झाली ती डोक्यानं नाही हो भाऊ. तिला समोर बसवून सांगणारं कुणी नव्हतं. मला एक म्हातारे सर भेटले, तिला नाही भेटले, एवढाच आमच्या दोघींत फरक."

मग योजना आखायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठका सुरू झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला बसलो. चहा बशीत ओतून प्यायचा की नाही, इथपासून माझी अडचण. प्राचार्य चांगले, पण त्यांचं विमान एकदम वर. त्यांना भिंतींना गालिचे लावलेला स्टुडिओ हवा होता, छपरावर उपग्रहाची छत्री हवी होती. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, सर, बघणार कोण, कुठं आणि कधी? मला ते फार पटायचं. लग्नाची ऑर्डर घेताना मी तरी दुसरं काय विचारतो?

मॅडमनी त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पायपीट करून आणली होती. कुरकुंभला पहिली शिफ्ट तीनला सुटते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागायच्या आधी बायकांना फार तर अर्धा तास मिळतो. सणसवाडीला कारखान्यांतले कामगार एकेका खोलीत सहा-सहा जण, त्यात बिहारपासून आलेली मुलं, टीव्ही घरमालकाचा आणि रिमोटही त्याच्याच हातात, तेव्हा टीव्ही चहाच्या हॉटेलात ठेवलेला बरा. म्हणून त्यांचं म्हणणं, कॅसेट पंचवीस मिनिटांची हवी. प्राचार्य म्हणाले, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, तो विद्यापीठानंच ठरवलाय. या एका मुद्द्यावर दोन बैठका गेल्या. माझंही एक कलम योजनेत गेलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. कॅसेट एसटीतून पाठवताना ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवू नये, इंजिनाच्या उष्णतेनं वाकते. प्राचार्यांनी ते छान पुस्तकी मराठीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मला कळायला जरा वेळ लागला.

नमुना कॅसेटचा दिवस उजाडला. कॉलेजातच वर्ग भरवला. पोरं आंघोळ करून, पावडर लावून आलेली. मॅडमनी प्रमाण विचलन शिकवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शूटिंग मी जीव ओतून केलं. मॅडमना घेतलं, फळा घेतला आणि सवयीप्रमाणे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कॅमेरा फिरवत राहिलो. एक तोंड सोडलं नाही. खिडकीतून डोकावणारा शिपाईसुद्धा घेतला, उगाच त्याचा रुसवा नको. कॅसेट काढली, एसटीत दिली, बॉनेटवर ठेवू नका म्हणून बजावलं. आणि शशीला चिठ्ठी लिहिली, तीन शब्दांची. नेहमीप्रमाणे करून पाठव.

चार दिवसांनी कॅसेट आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये टीव्ही लावला, सगळा स्टाफ गोळा झाला, मी पुढच्या खुर्चीत. पडद्यावर आधी मंगल कलश आला. मग सोनेरी अक्षरं आली, "शुभ व्याख्यान". शशीच्या मशीनमध्ये "शुभविवाह" तयार असायचं, त्यानं बिचाऱ्यानं विवाह काढून व्याख्यान टाकलं होतं. मग गुलाबाचं फूल उमललं आणि त्यातून साळवे मॅडम बाहेर आल्या. आणि सनई सुरू झाली. मॅडमचे ओठ हलतायत, हात हलतायत, फळ्यावर आकडे पडतायत, आणि आवाज म्हणून नुसती सनई. मधेच एका कडव्याला त्यांचं डोकं बदामात. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शशीनं मूळ आवाज पुसून टाकला होता. नेहमीप्रमाणे.

मी दुकानातून शशीला फोन केला आणि मला येतात तेवढ्या शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "आता मला काय सपान पडलं का? तूच लिव्हलं नेहमीप्रमाणं. मी तर म्हनलं, मॅडमचं लगीन कॉलेजात हाय म्हंजी परेमविवाह असंल." चूक माझीच होती.

त्या दिवशी एक गोष्ट मनाला लागली ती इथं सांगतो, कारण नंतर सांगायचं राहून जाईल. या धंद्यात मी हजारो माणसांचे आवाज पुसले. आजही कुणीतरी दुकानात येतं, म्हातारी गेलेली असते, आणि विचारतं, तुमच्याकडं आमच्या लग्नाची मूळ कॅसेट असंल का, तिचा आवाज ऐकायचा होता. आजी त्या लग्नात ओव्या म्हणत होत्या, मला दिसतात, तोंड हलताना दिसतं. वर सनई आहे. मी नाही म्हणतो आणि त्या माणसाला चहा पाजतो.

तर केबिनमध्ये कॅसेट संपली. प्राचार्य माझ्याकडं बघेनात. समिती यायला दहा दिवस राहिले होते. मला वाटलं, आता मॅडम रडतील किंवा मला हाकलतील. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि खांदे हलत होते. नीट बघितलं तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, कॅसेट मागं घ्या. सगळे गेल्यावर आम्ही दोघांनी ती पुन्हा बघितली, टीव्हीचा आवाज बंद करून. त्या पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, थांबवा.

पडद्यावर पोरांची तोंडं होती. मॅडमनी बोट ठेवलं. इथपर्यंत सगळी पोरं मान वर करून बघत होती. आणि इथून पुढं एकेक मान खाली गेली. मागच्या बाकावरच्या मुलीनं पेन ठेवून दिलं. एकानं जांभई दिली ती शेजाऱ्यानं उचलली. पुढची दहा मिनिटं पोरं लिहीत होती, पण बघत कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, मी इथं फरकांचा वर्ग करा म्हणाले आणि फळ्याकडं वळले. का करायचा ते सांगितलंच नाही. माझी पाठ होती, मला हे दिसलंच नाही." मग म्हणाल्या, "विमल इथंच अडकत असणार."

आवाज नव्हता म्हणून ते दिसलं, असं त्यांचं म्हणणं. मी आपला मान डोलावत बसलो, पण आतून खरं सांगतो, चार बोटं वाढलो.

दुसरं शूटिंग आम्ही कॉलेजात केलंच नाही. मॅडम म्हणाल्या, ज्यांना दाखवायचंय त्यांच्यासमोरच शिकवते. एका बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर कुरकुंभला, विमलताईंच्या चाळीतल्या वाचनालयात, सतरंज्या टाकून वर्ग भरला. या वेळी मी मांडववाल्याकडून कॉलरचा माइक मागून आणला, कानाला हेडफोन लावले आणि पंखा बंद करायला लावला. घामानं सगळी निथळत होती, पण शब्दन्शब्द कानात येत होता. विमलताई दुसऱ्या रांगेत होत्या, कंपनीची निळी टोपी डोक्यावर तशीच. उंच, काटक बाई, आणि वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

मॅडमनी फळ्यावर एक्स-बिक्स काही लिहिलं नाही. दोन मशीनं काढली. प्रत्येक बाटलीत शंभर गोळ्या पडायला पाहिजेत. पहिल्या मशीनच्या तीन बाटल्या मोजल्या तर निघाल्या नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक. दुसऱ्याच्या ऐंशी, शंभर, एकशे वीस. दोन्हींची सरासरी शंभरच. मग कुठलं मशीन बंद कराल?

सगळ्या एकदम म्हणाल्या, दुसरं. मॅडम म्हणाल्या, का बरं, सरासरी तर सारखीच आहे.

विमलताई म्हणाल्या, "मॅडम, सरासरी घिऊन काय करता? वीस गोळ्या कमी असलेली बाटली ज्याच्या घरी जाईल, त्यो काय सरासरी बघंल व्हय?"

"मग दुसरं मशीन किती चुकलं, मोज. शंभरपेक्षा किती कमी, किती जास्त?"

"एकदा वजा वीस. एकदा अधिक वीस."

"बेरीज कर."

"शून्य."

"म्हणजे मशीन चुकलंच नाही."

"आसं कसं? दोनदा चुकलंय की त्ये."

"मग हे वजाचं चिन्ह मशीनची चूक झाकतंय. त्याला घालवायचं कसं?"

लग्नात पाठवणीच्या वेळी आईच्या डोळ्यांत पाणी येतं. ते आल्यावर कॅमेरा वळवला तर शॉट गेला. पाणी यायच्या आधी श्वास बदलतो, तो ओळखता आला पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही, धंद्यानं शिकवलं. विमलताईंचा श्वास बदललेला मला दिसला आणि मी फळा सोडून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर जाऊन थांबलो. त्या वहीकडं बघत होत्या, ओठ पुटपुटत होते. मग हळूच मान वर आली.

"वर्ग केल्यावं वजा जातं," त्या म्हणाल्या. "वजा वीसचाबी चारशे, अधिक वीसचाबी चारशे. म्हनून वर्ग करत्यात व्हय." आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हसल्या. हात बाजूला झाला तरी हसतच होत्या. शेजारणीनं काय झालं म्हणून विचारलं तर तिला वहीत दाखवायला लागल्या. मी तिथंच होतो. साडेतीन मिनिटं मी कॅमेरा हलवला नाही. त्या दिवशी मला स्वतःलासुद्धा प्रमाण विचलन कळलं, आणि घरी जाऊन मी ते बायकोला समजावलं. तिनं मला जेवायला वाढलं आणि झोपा म्हणाली.

या वेळी शशीच्या चिठ्ठीत मी दोन पानं लिहिली. सनई नको, गुलाब नको, बदाम नको, आवाजाला हात लावशील तर याद राख.

समिती आली. अध्यक्ष गणिताचे निवृत्त प्राध्यापक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर माशी बसू देणार नाहीत असे. बरोबर आणखी दोघं. योजनेचे कागद त्यांनी आधीच वाचले होते, पंचवीस मिनिटांना हरकत नव्हती, बॉनेटच्या कलमाला तर ते चक्क बरं आहे म्हणाले. मग कॅसेट लावली. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. संपल्यावर म्हणाले, फळा साडेतीन मिनिटं दिसतच नाही. विद्यार्थ्यानं उतरवून काय घ्यायचं? व्याख्यान म्हणजे शिक्षक आणि फळा. कॅमेरा सारखा त्या टोपीवाल्या बाईंच्या तोंडावर कशाला?

प्राचार्यांनी लगेच हात झटकले. म्हणाले, सर, शूटिंगवाले लग्नाचे आहेत, त्यांना तशीच सवय.

मी बोलायला नको होतं. बैठकीत आपण कोण? पण माझं डोकं जरा लवकर तापतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, नुसते नवरा-नवरी दाखवलेली कॅसेट कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. माणूस आपल्यासारखं माणूस शोधतो त्यात."

अध्यक्ष माझ्याकडं चष्म्यावरून बघत राहिले. मला वाटलं, झालं, विमलताईंची खुर्ची मी घालवली. मॅडम उठल्या, कपाटातून पहिली कॅसेट काढली आणि म्हणाल्या, सर, आमची एक फसलेली कॅसेट आहे, पाचच मिनिटं बघाल का? प्राचार्य नको नको म्हणून हात हलवायला लागले, पण ती लागलीसुद्धा. मंगल कलश. शुभ व्याख्यान. गुलाबातून मॅडम. आणि केबिनभर सनई. समितीतल्या एका बाईंना हसू आवरेना, त्या रुमाल शोधायला लागल्या. अध्यक्षांचाही ओठ जरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

मॅडमनी आवाज बंद केला, कॅसेट पुढं घेतली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "सर, एक शब्द ऐकू येत नाही. पण वर्गाला कुठं कळेनासं झालं, ते तुम्हाला सांगता येईल का?"

अध्यक्ष पुढं सरकून बसले. मिनिटभर गेलं, दोन मिनिटं गेली. मग त्यांनी एकदम हात वर केला. "इथं. त्या मुलीनं पेन ठेवलं." कॅसेट थांबवली. त्यांनी पुन्हा मागं घ्यायला सांगितली, पुन्हा बघितलं. मग खुर्चीला टेकले आणि चष्मा काढला. म्हणाले, छत्तीस वर्षं शिकवलं, आणि ही वेळ आली की मी प्रत्येक वेळी फळ्याकडं तोंड करून उभा असणार. मग त्यांनी विमलताईंची कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. ती साडेतीन मिनिटं त्यांनी हलल्याशिवाय बघितली. शेवटी म्हणाले, बाईंना कळलं ते मला दिसलं, पण तरी फळा हवाच. प्रत्येक पायरीनंतर फळा दाखवा, उतरवून घ्यायला वेळ द्या, बाकी कॅमेरा तुमच्या मनाप्रमाणं फिरवा. त्यांचं ते म्हणणं बरोबरच होतं, मी खाली मान घालून हो म्हणालो. निघताना त्यांनी माझं नाव विचारलं आणि मंजुरीच्या कागदावर लिहायला लावलं. तो कागद मी फ्रेम करून दुकानात लावला. लोकांना वाटायचं पेट्रोल पंपाचं लायसन्स आहे.

कुरकुंभच्या वाचनालयात टीव्ही आला, सणसवाडीच्या हॉटेलात दुसरा. तीन वर्षं आम्ही दर आठवड्याला कॅसेट काढली. हिंदी मुलुखातली मुलं "मॅडमजी का सीरियल" म्हणून जमायची आणि चहा पीत पीत मराठीतलं संख्याशास्त्र बघायची, त्यातला एक तर चक्क बी.कॉम. झाला. नंतर सीडी आल्या, मॅडम दुसऱ्या गावच्या कॉलेजात कायम झाल्या, योजना गुंडाळली गेली. पुढं जी व्याख्यानं आली त्यांत फक्त एक चेहरा बोलतो, ऐकणारं कुणी दिसत नाही. माझ्या कॅसेटींना बुरशी लागली. कुणीतरी वेळेवर जपून ठेवायला हव्या होत्या, आणि ते काम माझंच होतं.

पण पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या आठवड्यात विमलताई दुकानात आल्या. सुट्टी टाकून, दोन एसट्या बदलून, दहा-अकरा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन. निळ्या काठाची साडी, मुलीच्या केसांना रिबिनी. पेढ्यांचा पुडा पुढं केला. म्हणाल्या, सुटला भाऊ एकदाचा, स्टोअरमधी सोमवारपासून बसायचं हाय. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेलरला, पलीकडच्या मेडिकलवाल्याला, सगळ्यांना ओरडून पेढे खायला बोलावलं. मग विमलताई जरा घुटमळल्या. त्यांना त्या कॅसेटची एक कॉपी हवी होती, घरी ठेवायला.

मी म्हणालो, तुमच्या लग्नाची कॅसेट असेल तर तिच्यातच पुढं भरून देतो. त्या हसल्या. "माझं लगीन विहारात पंधरा मिन्टांत झालं भाऊ. शूटिंग कुठलं? माझा म्हनून फोटोसुदीक कंपनीच्या कार्डापुरताच हाय." मग मी नवी कोरी कॅसेट काढली, कॉपी लावली आणि नीट येतेय का बघायला दुकानातला टीव्ही सुरू केला. तिघंही उभ्या उभ्या बघायला लागलो. दोन मशीनं आली, बाटल्या आल्या, वजा वीस, अधिक वीस. मुलगी टीव्हीच्या अगदी पुढं गेली. पडद्यावर तिची आई वहीकडं बघत होती, मग मान वर झाली, तोंडावर हात गेला.

मुलीनं मागं वळून विचारलं, "आई, तू हितं हसतीस का?"

विमलताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "हितं मला कळलं."